चपटं भिंग, पितळी परात

“आई, जरा नाक पुढे करा.”

“का? कापायचंय?”

“मोजायचंय.”

मी पाकाचं पातेलं उतरवलं आणि नाक पुढे केलं. मृण्मयीने, म्हणजे आमच्या सुनेने, स्टँडला लटकवलेली काड्यापेटीएवढी डबी माझ्याकडे वळवली. टेबलावरच्या पडद्यावर मी उमटले. मी म्हणजे पिवळा-तांबडा एक भोपळा आणि त्याच्या मधोमध जांभळा ठिपका.

“नाक बर्फ झालंय तुमचं. आणि तुम्ही डबीपासून हातभर लांब आहात.”

“नाक गार आहे हे मला नाकच सांगतं. त्यासाठी वीज कशाला जाळायची?”

ती हसली आणि पुन्हा तारांमध्ये शिरली. या गोष्टीला आता बरीच वर्षं झाली, पण ते भोपळ्यासारखं माझं चित्र मी विसरलेली नाही. आपण दुसऱ्यांना असे दिसत असू तर फोटो काढून घ्यायला काहीच हरकत नाही.

वाईच्या आमच्या घरामागे पत्र्याची एक लांबट खोली आहे. त्या वेळी तिच्या अर्ध्या भागात माझा हलव्याचा कारखाना होता. कारखाना आपलं म्हणायचं. तीन शेगड्या, तीन पितळी पराती आणि थंडीत हाताखाली येणाऱ्या दोन-चार बायका. संक्रांतीचा काटेरी हलवा आणि त्याचे दागिने करायचे, नव्या सुनांसाठी आणि बोरन्हाणाच्या पोरांसाठी. उरलेल्या अर्ध्या भागात मृण्मयीची प्रयोगशाळा. मध्ये माझ्या जुन्या नऊवारीचा पडदा. माणसांनी ही सरहद्द पाळली, मुंग्यांनी कधीच मानली नाही.

ती करत होती ते भिंग. आता भिंग म्हटलं की मधे पोट सुटलेलं असणार, अशी माझी समजूत. हिचं भिंग साफ चपटं. नखाएवढी करडी चकती, काचेचीसुद्धा नाही.

“यातून पलीकडचं दिसत नाही की गं,” मी पहिल्याच दिवशी म्हणाले होते.

“आपल्याला नाही दिसत. उष्णतेला दिसतं. या चकतीवर डोळ्याला न दिसणाऱ्या बारीक खांबांचं रान उभं केलंय. उष्णतेचे किरण त्या रानातून जाताना वळतात. खांब कसे उभे केलेत त्यावर ठरतं की काय काय कळेल. माझ्या या एका चकतीतून वस्तूचं चित्र दिसतं, तिचा ताप कळतो, आणि ती किती लांब आहे तेही कळतं.”

“तिन्ही कामं एकटीच करते? मग ही या घरातली सून शोभते.”

पराती तिला आवडल्या त्या या तीन कामांमुळे. हलव्याचं सगळं गणित परातीच्या तापावर. तीळ परातीत टाकायचे, चमच्याने थेंब थेंब पाक घालायचा आणि बोटांनी हलवत राहायचं. परात जास्त तापली की साखर पिवळी पडून चिकटते, निवली की दाण्याला काटा येत नाही. डबीतून परातीचा ताप कळणार, आणि दाणा किती लांब आहे ते ठाऊक झाल्यावर चित्रावरून तो किती वाढला तेही कळणार. नाताळाच्या आधीपासून ती माझ्या शेजारी डबी टांगून बसत होती आणि डबी बिनचूक सांगत होती. आमच्या पराती तेव्हा काळपट-तपकिरी होत्या, वर्षानुवर्षं वापरलेल्या. ही गोष्ट लक्षात ठेवायची आहे हे आम्हांला कोणालाच माहीत नव्हतं.

गुरुवारी पुण्याहून घाणेकर नावाचे साहेब येणार होते. नवीन उपकरणं करणाऱ्यांना पहिली दोन वर्षं हात देणारी एक संस्था होती, तिचे ते तपासनीस. त्यांना प्रयोगशाळेतला प्रयोग नको होता. खऱ्या कामाच्या जागी भिंग तिन्ही कामं करतं का ते पाहायचं होतं. आणि त्याच गुरुवारी संध्याकाळपर्यंत मृण्मयीला बंगळूरच्या एका कंपनीला उत्तर द्यायचं होतं. मोठी कंपनी, चांगली जागा, जानेवारीपासून रुजू व्हा म्हणत होते. घाणेकर हो म्हणाले तर ती वाईत राहून भिंग करणार. नाही म्हणाले तर भिंग पेटीत आणि सून बंगळूरला.

माझा मुलगा निरंजन म्हणाला, “ती जाईल तिथे मी. माझं काय, लॅपटॉप उघडला की ऑफिस.” आईच्या तोंडावर असं बोलता यावं म्हणून मी या मुलाला इतकं साजूक तूप घातलं होतं.

आणि मी काय म्हणाले? “जा की. बंगळूरला हवा छान असते म्हणतात.” मी आग्रह करणारी बाई नाही. राहा राहा म्हटलं की माणसाला आपली किंमत कळते आणि मग ते स्वयंपाकात मीठ कमी आहे म्हणायला लागतं.

बुधवारी संध्याकाळी कोल्हापूरहून अंबूवन्सं आल्या. माझी नणंद. यांची ख्याती अशी की त्या राहतील त्या घरातल्या मांजरालाही आंघोळ घडते. रिक्षातून उतरल्या त्याच फाटकाची कडी पदराने पुसत. चहा घेता घेता मागच्या खोलीत डोकावल्या आणि कप तसाच राहिला.

“अगंबाई वहिनी, या पराती?”

“पराती.”

“उद्या पुण्याचे साहेब येणार आणि त्यांच्यापुढे ही ध्यानं ठेवणार? काय म्हणतील ते?”

“हलवा पांढरा आहे का बघतील. परात कोण चाटणार आहे?”

“तुझं आपलं काहीतरीच.” एवढं म्हणून त्या गप्प बसल्या. वन्सं गप्प बसल्या की मी सावध होते, पण त्या दिवशी दमले होते.

सकाळी मागच्या खोलीत गेले तर तीन सूर्य उगवलेले. चिंच, मीठ, वर रांगोळीचा हात. आतून, बाहेरून, काठाच्या खालून, जिथे परातीला जन्मापासून कोणी हात लावला नव्हता तिथूनही लख्ख. वन्सं तांबड्या झालेल्या हातांनी शेवटची परात उन्हाला लावत होत्या. मी वाकून पाहिलं. परातीत माझा चेहरा दिसला आणि तो बराही दिसला.

“वा,” मी म्हणाले. वन्संना वा म्हणायचे प्रसंग मी जपून वापरते, पण त्या दिवशी कंजूषपणा केला नाही.

मृण्मयीही तारा जुळवता जुळवता म्हणाली, “अय्या आत्या, केवढा त्रास घेतलात!” आणि पुन्हा पडद्याकडे वळली. लग्नाला तीन वर्षं झालेली, शिकून शास्त्रज्ञ झालेली मुलगी. पाहुणे यायचे म्हणजे भांडी घासायची, यात तिलाही काही वावगं वाटलं नाही. आपल्याकडे कुणालाच वाटलं नसतं.

घाणेकर साहेब आले. उंच, सडसडीत, कानांवरून मफलर. चहा बशीत ओतायची फार इच्छा आहे पण परक्या घरी ओतू नये, असा चेहरा. त्यांची एक लकब मी त्यांचा लाडू संपायच्या आत हेरली. पसंत पडलं की चष्मा नाकावर, नापसंत झालं की हातात.

“चला मॅडम, दाखवा तुमची तिन्ही कामं.” चष्मा नाकावर होता. सुरुवात बरी झाली.

मी शेगडी फुलवली, परात चढवली आणि पाटावर बसले. डबी स्टँडवरून जरा तिरकी परातीकडे पाहत होती. मृण्मयी म्हणाली, “साखर घालण्यासारखी परात तापली की पडदा सांगेल. आई, मी म्हणेन तेव्हाच तीळ टाका.”

आम्ही वाट पाहिली. पडदा म्हणाला, एकतीस.

“अजून तापू दे,” मृण्मयी म्हणाली.

मी निखारे सारले. पडदा म्हणाला, एकतीस. अजून सारले. बत्तीस, मग पुन्हा एकतीस. मला शेगडीची धग गुडघ्याला लागत होती. शेवटी मी परातीच्या काठाला बोट लावून पाहिलं.

“आई गं!”

मृण्मयीने माझं बोट पाण्यात बुडवलं. घाणेकरांनी चष्मा काढला.

“म्हणजे काकूंचं बोट भाजतंय, आणि तुमचं यंत्र म्हणतंय परात कोमटसुद्धा नाही.”

“थांबा सर, एखादी तार…”

तार बघायला ती वाकली, आणि परातीत काय चाललंय ते बघायला घाणेकरही वाकले. पडदा म्हणाला, तेहतीस. घाणेकर मागे झाले. एकतीस. ते पुन्हा वाकले. तेहतीस.

“हे काय? मी वाकलो की परात तापते?”

“बघू बघू,” म्हणत वन्सं परातीवर ओणवल्या. चौतीस.

“आत्या आल्या की जास्त तापते,” मृण्मयी पुटपुटली.

“त्या आल्या की घरात सगळंच तापतं,” मी बोट फुंकत म्हणाले. पण हसलं कोणीच नाही.

घाणेकर पडद्यावरच्या दुसऱ्या आकड्याकडे बोट दाखवत होते. “आणि हे अंतर? डबीपासून परात असेल दोन फूट. यंत्र म्हणतंय चारच्या वर. म्हणजे परात फरशीच्या खाली आहे? चित्र बघावं तर नुसता फराटा. तीन कामं म्हणाला होतात ना?” त्यांनी खिशातून डबा काढला आणि चष्मा त्यात ठेवला. डबा टक् करून मिटला.

मृण्मयी पडद्याकडे वळली. तिच्या कानाच्या पाळ्या लाल झाल्या होत्या. मला तिची पाठ दिसत होती, आणि त्या पाठीवर बंगळूरच्या गाडीची वेळ स्पष्ट लिहिलेली दिसत होती. इतक्या दिवसांत मी तिला राहा असा एक शब्द बोलले नव्हते. आता काय बोलणार? परात खोटी आहे म्हणू?

“काही हरकत नाही,” घाणेकर उठत म्हणाले. “प्रयत्न चांगला आहे. पुढच्या वर्षी…”

“सर, एक मिनिट.” ती पडद्याकडेच बघत होती. “आत्या, तुम्ही आत्ता होतात तशाच वाका.”

“मी? कशाला गं?”

“वाका हो. आई, तो ओला पंचा घ्या आणि आत्यांच्या तोंडासमोर धरा. परातीच्या बाजूने.”

नणंदेच्या तोंडावर ओलं फडकं धरायची अशी संधी रोज मिळत नाही. मी लगेच धरलं. पडदा म्हणाला, अठरा.

“काढा.”

चौतीस.

“धरा.”

अठरा.

“वहिनी, मला शिंक येईल हं,” वन्सं फडक्यामागून म्हणाल्या.

मृण्मयी हसायला लागली. आधी हळू, मग टेबलाला धरून. घाणेकर माझ्याकडे पाहू लागले, घरात असं नेहमी होतं का या नजरेने.

“सर, हे परात बघतच नाहीये. हे आत्यांना बघतंय.”

“मला? त्याचं तोंड तर परातीकडे आहे.”

“परातीतून बघतंय. तुम्ही तिचा आरसा केलात ना! लख्ख घासलेलं पितळ स्वतःची उष्णता जवळजवळ बाहेर सोडतच नाही. समोर जे असेल त्याचीच परत पाठवतं. परात मळकी होती तोवर स्वतःचं सांगत होती. आता समोर आई बसल्या की आईंचा ताप सांगते, आत्या वाकल्या की आत्यांचा. परातीला हातोडीचे ठोके आहेत म्हणून चेहरा विस्कटलाय, तो फराटा म्हणजे आत्या आहेत.”

“बाई बाई,” वन्सं म्हणाल्या आणि नकळत केस सारखे केले.

“आणि अंतर?” घाणेकरांनी विचारलं. ते अजून उभेच होते.

“अंतर बरोबर आहे सर! डबीपासून परात दोन फूट, परातीपासून आत्या आणखी दोन-सव्वादोन. आरशातलं माणूस आरशाच्या मागे दिसतं, तसं. त्यावरूनच तर मला कळलं. परात फरशीखाली असूच शकत नाही, मग हे दुसरंच काहीतरी बघत असणार. नुसता ताप मोजणारं यंत्र असतं तर ते एकतीस म्हणालं असतं, आणि आईंचं बोट भाजेपर्यंत आपण खरं मानलं असतं. याने एक चुकीचं सांगितलं, पण त्याच डोळ्याने दुसरं खरं सांगून स्वतःची चूक पकडून दिली.”

चष्म्याचा डबा उघडला. चष्मा हातात आला. पण नाकावर गेला नाही.

“हे तुम्ही म्हणता. मला परातीचा खरा ताप दाखवा. आत्ता, याच परातीत.”

“त्यावर काहीतरी फासायला हवं. चकाकी मोडेल असं.”

“मीच मेलीने घासली,” वन्सं पदर खोचत म्हणाल्या. “राख आणू का गं? काजळी?”

“खायच्या भांड्यात?” घाणेकर म्हणाले.

हलव्याचा पाक चमच्याने घालायचा असतो, तोही थेंबाथेंबाने. मी हे बायकांना इतक्यांदा ऐकवलंय की त्या माझ्या पाठीमागे माझ्याच आवाजात म्हणून दाखवतात. पाकाचा थेंब चुलीवर सांडला तर मी दुपारपर्यंत त्याचं बोलते. त्या पातेल्यात अख्ख्या पहिल्या घाण्याचा पाक होता. मी पळी भरली आणि चांगल्याच तापलेल्या परातीत एकदम ओतली.

चर्र झालं. पाक पसरला, फसफसला, पांढरा झाला. पडद्यावर परातीत एक बेट उमटलं. आधी निळं, मग हिरवं, मग पिवळं. आकडा चढू लागला. साठ. नव्वद. एकशे वीस. बेटाच्या बाहेर अजून चौतीसच. साखरेच्या कडा तांबूस व्हायला लागल्या आणि खोलीभर जळका वास पसरला.

“आई, पाक जळतोय!”

“जळू दे.”

वन्सं मटकन पाटावर बसल्या. मृण्मयीने पडद्यावरची नजर काढली आणि माझ्याकडे पाहिलं. तिथे आकडे चढत होते, ते सोडून. मी उलथनं कुठे गेलं ते शोधायला लागले. ते माझ्या हातातच होतं.

“एकशे एकोणपन्नास,” घाणेकर वाचत होते. “अंतर… दोन फूट.” त्यांच्या नाकावर चष्मा होता. केव्हा चढला ते माझ्याही नजरेतून सुटलं.

मग ते दुपारपर्यंत हलले नाहीत. पाकाचं बेट इकडे कर, वन्संना तिकडे बसव, दुसऱ्या परातीत पाणी घाल. जेवायलाही थांबले, ताक मागून घेतलं, आणि शेवटी चहा बशीत ओतला. निघताना मात्र फाटकाशी जे बोलले ते ऐकून माझा हात कडीवरच राहिला.

“मी चांगलंच लिहीन मॅडम. पण निर्णय मंडळ घेतं. संक्रांत होऊन जाईल कळायला.”

“मला आज संध्याकाळी बंगळूरला उत्तर द्यायचंय सर.”

“ते माझ्या हातात नाही.” ते थोडे घुटमळले. “मंडळाला दाखवाल तेव्हा हाच प्रयोग करा. एक परात मळकी, एक घासलेली.” मग वन्संकडे वळून म्हणाले, “घासायला तुम्ही याल ना?”

“तारीख तेवढी कळवा,” वन्सं म्हणाल्या. त्यांना आजवर कोणी पुण्याहून बोलावणं केलं नव्हतं.

संध्याकाळी मी नवा पाक करून दुसरी परात चढवली. एकदा पाक घालायला सुरुवात केली की हात काढता येत नाही. नेमका तेव्हाच मृण्मयीचा फोन वाजला. “बंगळूर,” ती म्हणाली आणि अंगणात गेली. मी पाटाला खिळलेली. चमचा, बोटं, चमचा, बोटं.

“वन्सं, जरा दाराशी जा बघू.”

“असं चोरून ऐकायचं?”

“ऐकू नका. दाराची कडी पुसा.”

वन्सं गेल्या. थोड्या वेळाने कुजबुजत आल्या. “इंग्रजीत बोलतेय.”

“ते मलाही कळलं असतं. चेहरा कसा आहे?”

त्या पुन्हा गेल्या, पुन्हा आल्या. “हसतेय.”

“कशी? हो म्हणताना हसतात तशी, की नाही म्हणताना?”

“मला काय ठाऊक! मला तर कुणी कधी काही विचारलंच नाही.”

माझी बोटं परातीत फिरत होती आणि दाण्यांना काटा धरतोय का तिकडे माझं लक्ष नव्हतं. मृण्मयी आत आली. फोन टेबलावर ठेवला, मोरीवर जाऊन हात धुतले, पुसले, आणि माझ्यासमोर पाट ओढून बसली.

“सरका आई. अर्धी बाजू मी घेते.”

“तुझ्या उत्तराचं काय झालं ते सांग आधी.”

“दिलं.”

“अगं, पण काय दिलं?”

“म्हटलं, जानेवारीत जमणार नाही. घरी संक्रांतीचं काम आहे.”

माझ्या चमच्यातला पाक गळायचा थांबला. “संक्रांतीपुरतंच?”

“त्यांनीही हेच विचारलं. म्हणाले, मग फेब्रुवारीत या.”

“मग?”

तिने परातीत बोटं घातली, चटका बसल्यासारखी मागे घेतली आणि पुन्हा घातली.

“म्हटलं, संक्रांत आमच्याकडे दर वर्षी येते.”

वन्सं दाराची कडी पुसायची थांबल्या. मी चमचा पुन्हा पाकात बुडवला. मग एवढंच म्हणाले, “बोटं वरच्यावर फिरव. आणि पाक थेंबाने घालायचा असतो हं, पळीने नाही.”